काथ्याचे ब्रेक पॅड करायचेत? आधी हे वाच

काथ्या, अंबाडी, घायपात, काहीही घे. तंतू नुसते चिरून मिसळू नकोस. पाच टक्के कॉस्टिक सोड्यात भिजव, सोडा पूर्ण निघेपर्यंत धू. वरचं मेण गेलं की रेझिन (पॅडचं मिश्रण बांधून ठेवणारा चिकट पदार्थ) तंतूला नीट धरतं. मग १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळव. ओल राहिली तर हॉट प्रेसमध्ये (मिश्रण गरम करून दाबणाऱ्या यंत्रात) वाफ कोंडून पॅडला फोड येतात. सुरुवातीला तंतूंचं प्रमाण मिश्रणाच्या वजनाच्या ५ टक्क्यांवरच ठेव.

थंड पॅडचा घर्षणांक (पकड किती ते सांगणारा आकडा) मिरवायची हौस सगळ्यांनाच असते! पण साधारण २२० अंशांपुढे तंतूतलं हेमिसेल्युलोज विघटू लागतं, मागोमाग त्यातलंच सेल्युलोज, आणि पकड ढासळते. म्हणून फेड चाचणी, म्हणजे पॅड तापल्यावर पकड किती घटते याची चाचणी, आधी कर. आणि हो, मित्राच्या स्कूटरवर प्रयोग नको.