सहा महिन्यांचं टार्गेट आणि काळी गाडी

प्रश्न : दादा, मी इंदूरचाच, रामबागेत राहतो. एका वॉशिंग सेंटरवर काम केलं, आता स्वतःचं कार डिटेलिंग सुरू करायचंय. सहा महिन्यांचं टार्गेट लिहून काढलंय, पॉलिशिंग, सिरॅमिक कोटिंग (रंगावरचा संरक्षक थर), पीपीएफ (रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म), इंटिरिअर, हेडलाइट सगळं शिकायचं. पॉलिशिंगची डीए मशीनही घेतली. पण सुधारणा होतेय का तेच कळत नाहीये, घरच्या काळ्या गाडीवर उन्हात बारीक ओरखड्यांची गोल गोल जाळी दिसतेच. टार्गेट कसं ठेवू आणि लोकांच्या गाड्या कधीपासून घेऊ?

उत्तर : भाऊ, यादी वाचली आणि वाटलं की अशाने एक ना धड भाराभर चिंध्या होतील. ‘पॉलिशिंग शिकणे’ हे टार्गेट झालं की नाही हे संध्याकाळी तुला कोण सांगणार? टार्गेट असं धर की मोबाइलचा टॉर्च मारला की हो किंवा नाही तिथल्या तिथे कळेल.

म्हणून आधी दोन महिने मशीन कपाटात ठेव आणि एकच धर, धुतल्यावर गाडीवर नवीन ओरखडा नको. ती जाळी येते कुठून? बहुतेक वेळा धुण्यापुसण्यातूनच येते, आणि आपल्याकडे तर काळी माती आहे, पावसाळ्यात ती दारांच्या खालच्या भागाला अशी चिकटते की वाळल्यावर कपडा फिरवलास की झालंच काम, आणि रंगपंचमीच्या गेर मिरवणुकीनंतर राजवाड्याकडून आलेल्या गाडीवरचा कोरडा गुलाल लोक फडक्याने झटकतात तेव्हा तर बघवत नाही. आधी नुसतं पाणी मार, फोम लाव, माती फुगून खाली येऊ दे, मग दोन बादल्या, एक शाम्पूची, दुसरी मिट (धुण्याचा मऊ हातमोजा) खळबळायची, वरून खाली यायचं आणि चाकांचा कपडा वेगळा. बोअरिंगचं पाणी असेल तर उन्हात वाळू देऊ नको, पांढरे डाग बसतात ते क्षारांचे, शेवटचा हात आरओच्या पाण्याचा दिलास तर छान, पण आरओच्या नळीतून जे फेकलं जातं ते पाणी नको, त्यात क्षार उलट जास्त असतात.

बोनेटचा एक वीतभर तुकडा ठरवून घे, प्रत्येक धुण्याआधी आणि नंतर रात्री त्याच जागेचा त्याच कोनातून टॉर्चखाली फोटो काढ. फोटो सारखे आले की या टार्गेटवर टिक मार. हे सगळं कंटाळवाणं आहे, मला माहितीये, पण माझ्या मते डिटेलर इथेच घडतो.

मग मशीन. कंपनीच्या रंगाची एकूण जाडी साधारण 100 ते 140 मायक्रॉन, त्यात वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, 35 ते 50च्या आसपास, आणि पॉलिश म्हणजे त्यातलंच थोडं घासून काढणं, ते परत येत नाही. तेव्हा घरच्या गाडीवर शिकू नको, डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून ठोकलेलं जुनं बोनेट माग, भंगारात जाणारं असतं, देतात. मधोमध मास्किंग टेप लाव, अर्धं तसंच सोड. दीड बाय दीड फुटाचा चौकोन, सगळ्यात मऊ पॅड आणि फाइन पॉलिशने सुरुवात, मशीनच्या चार ते सहा फेऱ्या, हात सावकाश, भागलं नाही तरच कंपाउंड, म्हणजे जास्त घासणारं पॉलिश. आणि मग आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पाण्यात मिसळून पुसायचं, हे विसरू नको, कारण पॉलिशमधलं तेल ओरखडे झाकतं आणि आपण उगाच खूश होतो. मे महिन्यात हे सकाळी लवकर कर, तापलेल्या पत्र्यावर पॉलिश लगेच सुकतं. इथलं टार्गेट, एकाच पॅड-पॉलिशने सलग तीन चौकोन सारखे आले पाहिजेत. तासांचा हिशोब आत्ता नको, घाईत हात बिघडतो.

लोकांच्या गाड्या? धुणं आणि इंटिरिअरच्या आजपासून घे, दोन पैसे सुटतील. पॉलिशसाठी दुसऱ्याची गाडी तीन चौकोनांचं जमल्यावरच, तीही रंगाची जाडी मोजणारा पेंट गेज लावून. गेज क्लिअर कोट वेगळा दाखवत नाही, एकूण जाडी दाखवतो, आणि साधा गेज प्लास्टिकच्या बंपरवर चालतच नाही, तेव्हा बंपर आणि पॅनलच्या कडा यांना जपून. एखादा दरवाजा बाकीच्यांपेक्षा खूपच जाड दिसला तर रिपेंट झालाय का ते मालकाला आधी विचार. कोटिंग त्यानंतर शिक, कारण खाली राहिलेली जाळी कोटिंगच्या आतच अडकते आणि मग तेही घासून काढावं लागतं. पीपीएफ यंदाच्या यादीतून खोडून टाक.