एकच एजंट घर विकणारा आणि घेणारा दोघांचंही काम करतो, तेव्हा प्रामाणिक राहणं शक्य आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एजंट म्हणून काम नुकतंच सुरू केलंय, पहिल्याच सौद्यात मालक आणि घेणारा दोघंही तुमच्याकडेच आलेत, तर दोन्हीकडून दलाली घेणं नीतीला धरून होईल का? आणि एरवी कुठे जपायचं?

शक्य आहे, पण वाट फार अरुंद आहे. नवख्याने ती धरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

अडचण दोन्हीकडून पैसे घेण्यापेक्षा तुमच्या कानावर पडलेल्या माहितीची आहे. मालक सांगतो, हप्ते थकलेत, महिन्याभरात विकायचंच आहे. घेणारा सांगतो, बायकोला घर फार आवडलंय, अडलंच तर पाच टक्के वाढवू. यातलं काहीही पलीकडे गेलं तर एकाचा विश्वासघात होतो. काहीच बोलला नाहीत तर भाव किती लावावा, किती मागावा हा सल्ला कुणालाच मिळत नाही, आणि एजंट धरायचं मुख्य कारण तोच सल्ला असतो. म्हणून कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने 2018 मध्ये अतिदुर्गम भागांचा अपवाद ठेवून ही पद्धत बंद केली. अमेरिकेत फ्लोरिडा आणि कोलोरॅडो या राज्यांत एजंटाला दोन्ही पक्षांचा प्रतिनिधी होता येत नाही. कुणाचीच बाजू न घेता व्यवहार पार पाडून देणारा मध्यस्थ मात्र होता येतं.

तुमच्याकडे कायद्याने मुभा असेल आणि दोघांचंही काम करायचंच असेल, तर भावाची पहिली बोलणी होण्याआधी दोघांकडून लेखी संमती घ्या. त्या कागदावर चार गोष्टी हव्यात: तुम्ही दोघांचे एजंट आहात, कुणाकडून किती दलाली घेणार आहात, ती कधी देय होईल आणि कोणती माहिती तुम्ही पलीकडे सांगणार नाही. शेवटचा मुद्दा मोघम ठेवू नका. मालकाची किमान किंमत, घेणाऱ्याची कमाल तयारी, विकण्याचं किंवा घेण्याचं खासगी कारण, घाई किती आहे, हे सगळं त्यात नावानिशी लिहा. त्यानंतर तुमचं काम निरोप जसाच्या तसा पोचवण्याचं. ‘एवढ्यात देऊन टाका’ हे वाक्य तुम्ही कुणालाच म्हणायचं नाही. सौदा ठरल्यावर घेतलेली संमती म्हणजे नुसती सही. तिला अर्थ उरत नाही.

आता दलालीच्या गणिताकडे या, कारण बहुतेक मोह तिथूनच सुरू होतात. किंमत 100 धरा, दलाली 2 टक्के. घर 95 ला गेलं तर मालकाचे 5 बुडाले. तुमची दलाली 2 वरून 1.90 वर आली, म्हणजे तुमचे गेले फक्त 0.10. तेवढ्यासाठी आणखी महिनाभर घर दाखवत बसायचं? मन लगेच म्हणतं, बसवून टाक सौदा. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हर्सन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो परिसरातल्या सुमारे एक लाख घरविक्री तपासून 2008 मध्ये निष्कर्ष मांडले. एजंट स्वतःचं घर विकतो तेव्हा ते बाजारात साधारण साडेनऊ दिवस जास्त राहतं आणि सुमारे 3.7 टक्के जास्त किमतीला जातं. यात कुणी खोटं बोललंच असं नाही, स्वतःसाठी जो धीर धरला तो अशिलासाठी धरला गेला नाही. म्हणून मालकाला ‘आलेली ऑफर घ्या’ असं सांगताना आजूबाजूला अलीकडे झालेले तीन-चार सौदे किमतीसह कागदावर ठेवा आणि ठरवणं त्याच्यावर सोडा.

‘मला हातात इतके द्या, वरचे सगळे तुमचे’ असं मालक स्वतःहून म्हणाला तरी नको म्हणा. त्या क्षणापासून घराची खरी किंमत त्याच्यापासून लपवण्यात तुमचा फायदा असतो.

ऑफर आली की त्याच दिवशी मालकाला कळवायची, कितीही कमी असली तरी. साधी वही पुरते: तारीख, वेळ, रक्कम, अटी, मालकाला कधी कळवलं, त्याचं उत्तर काय. नसलेली ‘दुसरी पार्टी’ उभी करणं ही सरळ फसवणूक आहे. धंद्यात चालतं म्हणून ती सौम्य होत नाही. दुसरी ऑफर खरोखर असेल तर ती आहे एवढंही सांगण्याआधी मालकाची परवानगी घ्या. जाहिरातीतही हेच. विकलं गेलेलं घर गिऱ्हाईक ओढण्यासाठी तसंच ठेवू नका, टोकन झालं त्या दिवशी जाहिरात काढा.

दोष सांगण्याच्या बाबतीत बहुतेक एजंट ‘मालकाने सांगितलंच नाही’ याच्या आड उभे राहतात. 1984 मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने ईस्टन विरुद्ध स्ट्रासबर्गर या खटल्यात ही आड काढून घेतली. नीट न दाबलेल्या भरावावर बांधलेलं घर विकलं गेलं आणि नंतर जमीन खचली. उतारावरची जाळी आणि असमतल फरशी एजंटांच्या नजरेला पडली होती. त्यांनी चौकशी केली नव्हती. डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांचा वाजवी तपास करून घेणाऱ्याला सांगणं हे एजंटाचंही कर्तव्य आहे, असं न्यायालय म्हणालं. व्यवहारात याचा अर्थ असा: जाहिरात देण्याआधी घर दिवसाउजेडी स्वतः फिरा. न्हाणीघराच्या खालचं छत, खिडक्यांचे खालचे कोपरे, एकाच भिंतीला दिलेला ताजा रंग, घासणारी दारं, हे पाहा. मालकाकडून गळती, तडे, वाद, थकबाकी आणि बेकायदा वाढीव बांधकाम यांची माहिती लेखी घ्या. तडा दिसला तर ‘तडा आहे, अभियंत्याला दाखवा’ एवढंच म्हणा. ‘काही होत नाही’ हे सांगण्याइतकं तुम्हाला कळत नाही, आणि घेणारा मात्र तुमच्या त्या तीन शब्दांवर विसंबतो.

क्षेत्रफळाचंही तसंच. आकडा सांगताना तो कोणता, ते सांगाच. भारतात 2016 च्या रेरा कायद्याने, म्हणजे घरबांधणी आणि घरविक्रीचं नियमन करणाऱ्या कायद्याने, कारपेट क्षेत्राची (घराच्या आतल्या वापरायच्या जागेची) व्याख्या ठरवलेली आहे: आतल्या पडभिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, सेवा-नलिका, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरायची नाही. जिन्या-लिफ्टचा वाटा मिळवून फुगवलेला आकडा आणि हा आकडा एकाच दमात सांगितला की घेणारा हमखास चुकतो.

टोकन स्वतःच्या खात्यात कधीच घेऊ नका. भांडणं सर्वांत जास्त इथे पेटतात. ही रक्कम घर घेणाऱ्याच्या बँक खात्यातून थेट मालकाच्या खात्यात जाऊ द्या आणि त्याच दिवशी पावती करा. तीत मालमत्तेचं वर्णन, एकूण किंमत, दिलेली रक्कम, पुढच्या टप्प्याची तारीख, आणि कर्ज नामंजूर झालं किंवा कागदपत्रांत दोष निघाला तर टोकन किती दिवसांत परत, हे लिहा. परतीची अट नसली की दोघंही आपापल्या सोयीचा अर्थ लावतात. कायद्यानुसार रक्कम तुमच्याकडेच राहणार असेल तर त्यासाठी वेगळं खातं ठेवा. घरखर्चाच्या पैशात ती एक दिवसही मिसळली जाऊ नये.

बाकीचं पटकन सांगतो. वकील, कर्ज मिळवून देणारा किंवा सुतार सुचवून तुम्हाला मोबदला मिळत असेल तर तो आधी सांगा आणि किमान तीन नावं द्या. घर तुमचा भाऊ किंवा भागीदार घेत असेल तर मालकाला ऑफरसोबतच लेखी कळवा. आणि अमुक धर्माचे, अमुक जातीचे लोक नकोत असं मालक म्हणाला, तर तो निरोप पोचवायला नकार द्या, काम गेलं तरी. ‘तुम्हाला तिकडे करमणार नाही’ असं गोड बोलून माणसाला एखाद्या वस्तीपासून वळवणं हाही त्याच भेदभावाचा भाग आहे.

तुमच्या हातातल्या सौद्यात अजून आकडा बोलला गेला नसेल, तर मालकाला स्वतःकडे ठेवा आणि घेणाऱ्याला तुम्हाला भरवशाच्या वाटणाऱ्या दुसऱ्या एजंटकडे द्या. घेणारा पाठवल्याबद्दल त्या एजंटाकडून तुम्हाला काही वाटा मिळणार असेल, तर तो किती हे दोन्ही पार्ट्यांना आजच लिहून कळवा. आकडे आधीच कानावर पडले असतील तर घेणाऱ्याची तयारी मालकाला सांगायची नाही. मालकाला फक्त एवढं कळवा की घेणाऱ्याची खासगी माहिती तुम्हाला आहे आणि ती तुम्ही कुणाला देणार नाही.