नाइमला आर जोडताना

नाइम (KNIME, यातल्या के चा उच्चार करत नाहीत) या माहिती-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमधले तयार आलेख पुरत नाहीत आणि तुला आर या संख्याशास्त्राच्या प्रोग्रॅमिंग भाषेतलं जीजीप्लॉट-२ हे आलेख काढायचं पॅकेज हवंय, हे अगदी पटतं. पण घाई नको. आधी आर एकटं उघडून त्यात आरसर्व्ह हे पॅकेज बसव. नाइम आरशी बोलतं ते त्याच्यामार्फत. मग नाइमच्या प्रेफरन्सेसमध्ये आरच्या फोल्डरचा पत्ता दे. संगणकावर आरच्या दोन आवृत्त्या असतील तर पॅकेज ज्या आवृत्तीत बसवलंस तिचाच पत्ता हवा. माझे दोन दिवस इथेच गेले होते.

आता ‘आर व्ह्यू’ हा नोड (नाइममधला एकेक काम करणारा ठोकळा) ओढ. तुझा तक्ता आत ‘नाइम.इन’ या नावाने मिळतो. स्तंभाच्या नावात मोकळी जागा असेल तर आर अडखळतं, म्हणून नावं आधीच्या नोडमध्येच बदलून घे. आलेख आरच्या कोडमधल्या लूपमध्ये काढत असशील तर तो ‘प्रिंट’ या फंक्शनमध्ये गुंडाळ, नाहीतर चित्र कोरं येईल.

आणि कळकळीने सांगतो, लाखो ओळी आरकडे ढकलू नकोस. सरासरी, बेरजा ‘ग्रुपबाय’ नोडमध्ये कर आणि आलेखाला लागतील तेवढ्याच ओळी पुढे पाठव.