‘शाश्वत सुख’ की ‘शाश्वत आनंद’?

प्रश्न असा आला आहे: ‘प्रवचनांत नेहमी सांगतात की सुख इंद्रियांचे आणि आनंद आत्म्याचा. मग देवाच्या भक्तीने शाश्वत सुख मिळते, हा प्रयोग चुकीचा नाही का? तिथे शाश्वत आनंद म्हणायला नको का?’

थोडक्यात उत्तर: ‘शाश्वत सुख’ हा प्रयोग बरोबर आहे, जुना आहे, आणि भक्तीच्या संदर्भात तर मला तोच अधिक नेमका वाटतो. त्या वाक्यातला खटकणारा शब्द दुसराच आहे. त्याच्याकडे शेवटी येतो.

आधी ती वाटणी. सुख खालच्या पायरीवर आणि आनंद वरच्या, ही मांडणी समजावून सांगायला सोयीची आहे, पण जुन्या ग्रंथांत ती टिकत नाही. छांदोग्य उपनिषदात नारद शोकाने व्याकूळ होऊन सनत्कुमारांकडे येतात आणि शेवटी त्यांना उत्तर मिळते ते असे: ‘यो वै भूमा तत्सुखं, नाल्पे सुखमस्ति’. जे अमर्याद तेच सुख, अल्पात सुख नाही. इथे परमतत्त्वालाच सुख म्हटले आहे. उलट तैत्तिरीय उपनिषदाच्या आनंदवल्लीत आनंदाचे मोजमाप सुरू होते ते माणसापासून: तरुण, धडधाकट, शिकलेला, आणि धनाने भरलेली सगळी पृथ्वी ज्याची आहे असा माणूस, त्याचा तो एक मानुष आनंद. तिथून शंभरपट, पुन्हा शंभरपट करत ब्रह्मानंदापर्यंत जायचे. म्हणजे आनंद हा शब्दही ऐहिकापासूनच निघतो. गीतेत तर बाह्य विषयांत न अडकलेल्याला जे मिळते त्याला ‘सुखमक्षयम्’ म्हटले आहे (५.२१), आणि पुढे ‘सुखमात्यन्तिकम्’ (६.२१). लगेच पुढच्या, म्हणजे ५.२२ या श्लोकात इंद्रियस्पर्शातून येणारे भोग ‘आद्यन्तवन्तः’, सुरुवात आणि शेवट असलेले, म्हणून वेगळे काढले आहेत. म्हणजे गीतेने शब्द बदलला नाही, विशेषण जोडले. आपले ‘शाश्वत सुख’ त्याच घडणीचे आहे.

‘सुख’ या शब्दाची व्युत्पत्तीही पाहण्यासारखी आहे. सु म्हणजे चांगले आणि ख म्हणजे पोकळी, भोक. चाकाच्या मध्यभागी आस बसतो ते भोक नीट असेल तर रथ धक्के न देता चालतो, म्हणून तो ‘सुख’, अशी व्युत्पत्ती सांगतात. काही अभ्यासक हा शब्द ‘सुस्थ’पासून आला असावा असे मानतात. ते काहीही असो, ऋग्वेदात हा शब्द रथाचे विशेषण म्हणून येतो हे नक्की. ऋभू या देवांच्या कारागिरांनी अश्विनीकुमारांसाठी ‘सुख’ रथ घडवला असा उल्लेख पहिल्याच मंडलात आहे. प्रवासाहून आलेला माणूस ‘सुखरूप पोहोचलो’ असे कळवतो, तेव्हा मला दर वेळी तो रथ आठवतो.

आता मराठीकडे. आपले संत दोन्ही शब्द मनमुराद वापरतात, त्यामुळे कडक नियम काढता येणार नाही. ‘अवघाचि संसार सुखाचा करीन । आनंदें भरीन तिन्ही लोक’ या एकाच ओळीत दोन्ही नांदतात. तरी दोन अभंग शेजारी ठेवून पाहा. तुकोबा म्हणतात:

आनंदाचे डोहीं आनंदतरंग । आनंदचि अंग आनंदाचें ॥

डोह आनंदाचा, तरंग आनंदाचा, अंगही आनंदाचे. या ओळीत अनुभव घेणारा कुणी उरलेलाच नाही. आणि ज्ञानदेव म्हणतात:

रूप पाहतां लोचनीं । सुख जालें वो साजणी ॥

इथे पाहणारे डोळे आहेत, समोर रूप आहे, आणि ते सांगायला एक साजणीही आहे. सुखाला भोगणारा लागतो. ‘मला सुख झाले’ म्हणताना मी शिल्लक असतो आणि तो विठ्ठलही समोर असतो.

भक्ताला नेमके हेच हवे असते, असे मला वाटते. त्याला देवात विरून जायचे नसते, देवाकडे पाहत राहायचे असते. ‘तुका म्हणे माझें हेंचि सर्व सुख । पाहीन श्रीमुख आवडीनें’ यात क्रियापद ‘पाहीन’ आहे, ‘होईन’ नाही. आणखी एका अभंगात तुकोबांनी हे उघडच सांगितले आहे: ‘आत्मनिष्ठ जरी जाले जीवन्मुक्त । तरी भक्तिसुख दुर्लभ त्यां’. जिवंतपणी मुक्त झालेल्यालाही जे दुर्लभ, त्याला नाव दिले ‘सुख’! ज्याला आपण खालची पायरी म्हणतो तो शब्द त्यांनी मुक्तीच्याही वर नेऊन ठेवला.

‘हेंचि दान देगा देवा’चा शेवट आठवा. ‘तुका म्हणे गर्भवासीं । सुखें घालावें आम्हांसी’. या ‘सुखें’चा सरळ अर्थ ‘खुशाल’. ‘तू सुखाने जा’ म्हणतो ना आपण, म्हणजे माझी काही हरकत नाही, तसा. तुझा विसर पडणार नसेल तर खुशाल पुन्हा जन्माला घाल. पण ज्या गर्भवासातून सुटण्यासाठी लोक साधना करतात, त्या शब्दाला लागूनच ‘सुखें’ आले की त्याचा दुसरा अर्थही कानात वाजल्याशिवाय राहत नाही.

जाता जाता ‘समाधान’. तुकोबांच्या ‘ठेविलें अनंतें तैसेचि राहावें । चित्तीं असों द्यावें समाधान’ मध्ये ते आहे. सम्, आ आणि धा, म्हणजे ‘समाधी’चेच घटक. वेदान्तात शमदमादी सहा साधनांपैकी एक म्हणजे चित्ताची ही स्थिरता. हिंदीत ‘समाधान’ म्हणजे मुख्यतः तोडगा. मराठीत तो अर्थ ‘शंकासमाधान’पुरता उरला आणि मनाची तृप्ती हा अर्थ पुढे आला. आपण समाधान ‘मानतो’ही. परिस्थिती तीच राहिली तरी ते असू शकते, म्हणून रोजच्या जगण्यात मला तो शब्द जवळचा वाटतो. पण प्रश्न सुखाचा होता.

तर खटकणारा शब्द कोणता? ‘मिळते’. आणि त्याच्या आधीचा ‘भक्तीने’ मधला ‘ने’. ‘औषधाने बरे वाटते’ तसे ‘भक्तीने सुख मिळते’ म्हटले की भक्ती साधन झाली आणि सुख तिची मजुरी. संतांकडे ‘सुख पावणे’ आहेच, पण त्यांचा खास शब्द ‘भक्तिसुख’, ‘प्रेमसुख’ असा जोडून येतो. कारण आणि फळ यांच्यात फटच ठेवत नाही. ज्ञानदेव त्याच ‘रूप पाहतां’ अभंगात विठ्ठलाला ‘सर्व सुखाचें आगर’ म्हणतात. आगर म्हणजे ती वस्तू जिथे पिकते ती जागा, जसे मिठागर.

पसायदान मी लहानपणापासून म्हणत आलो, पण त्यातल्या एका ओवीचा क्रम फार उशिरा लक्षात आला:

किंबहुना सर्वसुखीं । पूर्ण होऊनि तिहीं लोकीं । भजिजो आदिपुरुखीं । अखंडित ॥

‘होऊनि’ हे पूर्वकालवाचक रूप आहे: ‘जेवून निघाला’ म्हटले की जेवण आधी, निघणे नंतर. इथे सर्व सुखांनी पूर्ण होणे आधी आहे आणि भजणे नंतर. भजा म्हणजे सुखी व्हाल, असे ज्ञानदेवांनी मागितले नाही. सगळे सुखाने भरोत आणि मग आदिपुरुषाला भजत राहोत, असे मागितले. ‘अखंडित’ हे विशेषणही त्यांनी सुखाला जोडले नाही, भजनाला जोडले.

हे दान मिळाल्यावर शके १२१२ मधल्या ज्ञानेश्वरीच्या, म्हणजे त्यांच्या गीताटीकेच्या, शेवटी ते स्वतःविषयी जे लिहितात त्यातही ‘मिळाले’ नाही: ‘येणें वरें ज्ञानदेवो । सुखिया जाला’.