युरेटरच्या (किडनीतनं ब्लॅडरकडं लघवी नेणाऱ्या नळीच्या) विजेच्या सिग्नलच्या रेकॉर्डिंगला नवीन असशील तर

अगं, पहिल्याच आठवड्यात मायक्रोइलेक्ट्रोडच्या (पेशीत घुसवून व्होल्टेज मोजायच्या बारीक सुईच्या) मागं लागू नकोस, आधी नुसतं बघायला शिक. सांगलीत मटणवाल्याला आदल्या दिवशीच सांगून ठेव की किडनी नळीसकट पाहिजे, नळी ओढायची नाही, आणि ती थंड क्रेब्ज सोल्युशनमधनं (ऊती जिवंत ठेवणाऱ्या क्षारांच्या पाण्यातनं) लॅबला आण, मग ३७ डिग्रीला ९५ टक्के ऑक्सिजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड सोडून तासभर तरी दम धर. किडनीकडचं टोक आपोआप आकसायला लागतं बघ, मेंदूशी काही कनेक्शन नसताना, मला अजून लई भारी वाटतं ते! एंगेलमान या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञानं १८६९ मध्येच सशाच्या युरेटरवर हे मांडलं होतं.

हे आकसणं घडवणारा विजेचा सिग्नल मुख्यतः कॅल्शियमवर चालतो, नर्व्हसारखा सोडियमवर नाही, त्यामुळं टेट्रोडोटॉक्सिन (सोडियमचा मार्ग बंद करणारं विष) टाकूनही आकसण्याची लाट चालू राहिली तर औषध खराब समजू नकोस, निफेडिपिन (कॅल्शियमचा मार्ग बंद करणारं औषध) टाकून बघ की.

पुढं ब्लॅडरवर (मूत्राशयावर) काम केलंस तर, त्याच्या स्नायूपेशीचं रेस्टिंग पोटेन्शियल (पेशी शांत असतानाचं व्होल्टेज) उणे ४०-५० मिलिव्होल्टच्या आसपास असतं, हार्टच्या उणे ९० ची सवय असली की पेशी मेलीय वाटतं, मी अशा चांगल्या पेशी सोडून दिल्यात. आणि तुकडा छोटा घे, पिना जवळजवळ मार, स्नायू हलला की इलेक्ट्रोड निसटलाच.