फाटलेली पाळी स्टुडिओत जोडावी का?

प्रश्न : ताई, झुब्यांच्या वजनानं डाव्या कानाचं भोक ओघळत गेलं, यंदा पाळी पार चिरलीच. भाचा म्हणतो, "मावशी, नागपूरला पिअर्सिंग स्टुडिओत चिकटवून देतात." जाऊ का?
– एक वाचक, आर्णी तालुका

उत्तर : भाचा हौशी दिसतो, पण नको. चिरलेल्या दोन्ही कडांवर आता कातडी आली आहे. कितीही डिंक लावा, त्या आपसांत जुळत नाहीत. ती कातडी काढून, ताज्या कडा टाक्यांनी जोडाव्या लागतात. हे सर्जनचं काम. कानापुरती भूल देतात, बहुधा त्याच दिवशी घरी येता येतं, टाके आठवडाभरानं निघतात. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आधी चौकशी करा. खासगीत खर्च अगोदर विचारा. शुगर असेल किंवा जुन्या जखमेवर गाठ वाढली असेल तर डॉक्टरांना सांगाच.

कान पुन्हा टोचायला स्टुडिओत जा, पण नंतर, दोन-तीन महिन्यांनी. नवं भोक व्रणावर नाही, बाजूला. टोचायची बंदूक नको, डोळ्यांदेखत फोडलेल्या पाकिटातली निर्जंतुक सुई हवी.

आणि झुबे लग्नकार्यापुरते, तेही वेल लावून.