युद्धानंतर हेर म्हणून पुन्हा समोरासमोर आलेल्या दुरावलेल्या प्रेमिकांची ऐतिहासिक कादंबरी कशी लिहावी?

तुम्हांला नेपोलियनच्या पाडावानंतरच्या व्हिएन्नात घडणारी प्रेमकादंबरी लिहायची आहे. नायक-नायिकेचे लग्न ठरलेले असताना एक पत्र वाटेत गहाळ झाले, दोघांनी एकमेकांना विश्वासघातकी ठरवले, आणि युद्ध संपल्यावर आता ती दोघे हेर म्हणून समोरासमोर आली आहेत. हा गैरसमज कोणत्या प्रकरणात दूर करावा आणि हेरगिरीचा तपशील किती द्यावा, असे तुम्ही विचारले आहे. मी म्हणेन की ते गहाळ झालेले पत्र कादंबरीतून काढूनच टाका. परक्याच्या बंद लखोट्यात काय आहे हे शोधून काढण्यावर ज्यांचे पोट चालते, त्या दोघांनी स्वतःच्या आयुष्यातील एका पत्राचे काय झाले याचा इतकी वर्षे साधा तपास केला नाही, हे कोणत्या वाचकाला पटेल? हेर नसलेल्या पात्रांना गैरसमज शोभतो. हेरांच्या प्रेमात अडचण उलटी असते, कारण दोघांना एकमेकांविषयी गरजेपेक्षा जास्त माहिती असते.

या विषयावर मी इतक्या ठामपणे बोलते याला कारण आहे. याच शहरावर आणि याच काळावर मी एक कादंबरी लिहिली, आणि एका संपादकांनी मला नेमके तुमचे गहाळ पत्र तिच्यात घालायला सांगितले होते.

माझी नायिका टिरोलची, म्हणजे आल्प्सच्या डोंगराळ मुलखातली आहे. टिरोल १८०५ च्या तहात ऑस्ट्रियाकडून नेपोलियनच्या बाजूच्या बव्हेरिया या जर्मन राज्याकडे गेले आणि एप्रिल १८०९ मध्ये तेथील शेतकऱ्यांनी आंद्रेआस होफरच्या नेतृत्वाखाली बंड पुकारले. ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्सिस याने २९ मे १८०९ रोजी वोल्कर्सडॉर्फहून त्यांना लेखी वचन दिले की टिरोल आपल्या राज्याला कायमचे जोडलेले राहील, असा तह असेल तरच मी त्यावर सही करीन. पुढे जुलैमध्ये वाग्रामला नेपोलियनने ऑस्ट्रियाचा पराभव केला आणि १४ ऑक्टोबरला शोनब्रुनच्या तहात टिरोलला वाऱ्यावर सोडण्यात आले. डोंगरात लढणाऱ्या माणसांना तहाची बातमी आधी खरीच वाटेना. बेर्गइझेलच्या टेकडीवरची शेवटची लढाई १ नोव्हेंबरला झाली, म्हणजे तह झाल्यानंतर अडीच आठवड्यांनी. माझ्या नायिकेचा भाऊ त्या लढाईत पडतो. नायक हा सम्राटाच्या दफ्तरातील नक्कलनवीस आहे. तहाच्या मसुद्याची नक्कल त्याच्याच हातून झालेली असते, त्यामुळे टिरोलचे काय होणार हे त्याला सहीच्या आधीपासून ठाऊक असते. दफ्तराची गुप्तता राखण्याची शपथ घेतलेली असल्यामुळे तो नायिकेला एक ओळदेखील कळवत नाही. नंतर ती त्याला एकच प्रश्न विचारते, तुला माहीत होते का, आणि तो हो म्हणतो. त्यांचा दुरावा एवढाच आहे, आणि त्यात गैरसमजाला कोठेही जागा नाही.

संपादकांना हे अजिबात रुचले नाही. त्यांचे म्हणणे असे की नायकाने पत्र लिहिले होते पण ते वाटेत हरवले, एवढा बदल केला तर वाचकाची सहानुभूती टिकेल. ते म्हणाले, "जो गप्प बसला, त्याला नायक कसे म्हणायचे?" मी उत्तर दिले की गप्प बसण्यासाठीच त्याला पगार मिळतो, आणि हाच त्याचा स्वभाव पुढे कादंबरीला कामी येणार आहे. तो काढून घेतला तर सभ्य चेहऱ्याचा एक पोकळ माणूस उरेल. वाद लांबला. त्यांच्या कचेरीत, नंतर पत्रांतून, आणि पुढे एका स्नेह्याच्या घरी इतर लोकांसमोरही आम्ही त्यावर बोललो, आणि प्रत्येक वेळी ते वाचकाचे नाव पुढे करीत राहिले. वाचकाला काय झेपत नाही हे ठरवण्याचा हा अधिकार त्यांना कोणी दिला, हे मला आजही समजलेले नाही. मराठी वाचक लहानपणापासून महाभारत ऐकत आलेला असतो. भर सभेत गप्प बसलेल्या भीष्मांना त्याने ना डोक्यावरून उतरवले, ना पूर्ण क्षमा केली. अशा वाचकाला एक गप्प बसलेला कारकून पेलवणार नाही, असे मानणे हा त्याचा अपमान आहे. मी हस्तलिखित परत आणले. ते अजून माझ्याजवळच आहे आणि त्यातील ती कबुली मी बदललेली नाही.

आता व्हिएन्नाविषयी सांगते, कारण या शहराची खरी हकिकत माझ्या बाजूने बोलते. सप्टेंबर १८१४ पासून जून १८१५ पर्यंत तेथे युद्धानंतरची घडी बसवण्यासाठी युरोपच्या राज्यांची परिषद भरली होती आणि बॅरन हागर याच्या हाताखालील ऑस्ट्रियाचे पोलीस खाते पाहुण्यांवर पाळत ठेवून होते. हेर म्हटले की आपल्याला बहिर्जी नाईक आणि वेषांतरे आठवतात. येथे मात्र बहुतेक काम मोलकरणी, दारवान, बग्गीवाले आणि मोठ्या घरांत ऊठबस असलेली कर्जबाजारी उमराव मंडळी करीत. केरात टाकलेले आणि शेकोटीत अर्धवट जळालेले कागदाचे कपटे गोळा होऊन हागरकडे जात, आणि त्यावरून तयार झालेले अहवाल सम्राट रोज वाचत असे. टपालात आलेली पत्रे एका गुप्त कचेरीत उघडली जात. मेणबत्तीच्या आचेवर लाख सैल करायची, मजकूर उतरवून घ्यायचा, तीच मोहर पुन्हा बसवायची आणि पत्र मार्गी लावायचे, असा तो परिपाठ होता. इंग्रजांचा परराष्ट्रमंत्री कॅसलरे याने आपल्या मोलकरणी स्वतःच नेमल्या, त्यामुळे हागरच्या माणसांची पंचाईत झाली. फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री तालेराँ कौनित्स प्रासादात उतरला होता. तेथे शिरकाव करणे किल्ल्यात शिरण्याइतके अवघड आहे, अशी तक्रार पोलिसांच्या अहवालात आहे. तपशील किती द्यावा याचे उत्तर येथेच आहे. तुमच्या पात्राच्या हातांना जे करावे लागते आणि ज्याने त्याच्या मनावर ताण येतो, तेवढाच तपशील द्या. लाख सैल करताना ओळखीचे अक्षर दिसले, तर लाखेचे वर्णन पानभर चालेल. एरवी दोन ओळी पुरेत.

माझ्या कादंबरीत नेमके हेच घडते. नायक आता त्या पत्रे उघडण्याच्या कचेरीत असतो. नायिका एका रशियन सरदारणीला पुस्तके वाचून दाखवण्याच्या नोकरीवर व्हिएन्नात येते आणि झारच्या माणसांना बातम्या पुरवते, कारण वचन मोडणाऱ्या सम्राटाचे ती काही देणे लागत नाही. तिचे पत्र त्याच्या टेबलावर येते. तो ते उघडतो, वाचतो आणि उतरवून घेतो. संपादकांच्या मते त्याने ते पत्र जाळून तिच्याकडे धाव घ्यायला हवी होती. पण पत्र पोहोचले नाही तर पाठवणारा सावध होतो, पोहोचणाऱ्या पत्रांचा मेळ बसत नाही आणि संशय तिच्यावरच येतो. त्यामुळे माझा नायक सगळे पत्र इमानाने उतरवतो आणि तिला अडकवणारे एकच वाक्य नकलेतून गाळतो. तो हे तिला कधीही सांगत नाही. तिला ते कळते, कारण तीही या धंद्यातली आहे. त्या वाक्यानंतर आपल्या दारावर थाप पडायला हवी होती आणि ती पडली नाही, यावरून पत्र कोणाच्या हातून गेले असेल हे ती ताडते. ज्या मौनाने तिचा भाऊ गमावला, त्याच मौनाने या वेळी ती वाचते. म्हणून तिला त्याच्याविषयी जे वाटते, त्याला क्षमा हा शब्द पुरत नाही. त्या जागी हरवलेले पत्र आणि शेवटी त्याचा खुलासा ठेवून पाहा. दोघांना फक्त एक निरोप उशिरा मिळाला, एवढेच हाती लागेल.

खऱ्या इतिहासातील दुरावलेली प्रेमिकेही याच शहरात होती, आणि त्यांच्यातही गैरसमज नव्हता. ऑस्ट्रियाचा परराष्ट्रमंत्री मेटरनिख आणि सागानची डचेस विल्हेल्मिने यांचे प्रेम १८१३ मध्ये, युद्ध ऐन भरात असताना जुळले, आणि १८१४ च्या शरदात, पोलंड रशियाला आणि सॅक्सनी प्रशियाला मिळावे की नाही हा वाद पेटलेला असताना तुटले. ती अल्फ्रेड विंडिशग्रेट्स या ऑस्ट्रियन सरदाराकडे ओढली गेली होती. शिवाय तिची एक मुलगी फिनलंडमध्ये वाढत होती, फिनलंड १८०९ पासून रशियाच्या ताब्यात होते, आणि मुलगी परत हवी तर झार अलेक्झांडरची मर्जी सांभाळणे भाग होते. डचेस ज्या पाल्म प्रासादात राहत होती, त्याच्याच दुसऱ्या भागात राजकन्या बाग्रातियोन राहत होती. तीही मेटरनिखची पूर्वीची प्रेयसी, त्याच्या एका मुलीची आई, आणि आता झारच्या गोटातली. कोण कोणाच्या जिन्याने वर गेले आणि किती वेळाने खाली आले, हे पोलीस टिपून ठेवत होते. म्हणजे आपली प्रेयसी कोणाला भेटते हे राज्याच्या मंत्र्याला त्याच्याच सरकारच्या यंत्रणेतून कळू शकत होते. त्याचा सहकारी गेंट्स याच्या दैनंदिनीत राजकारणाच्या बैठकी या प्रेमभंगाच्या रडगाण्यात बुडाल्याच्या नोंदी आहेत. मेटरनिखने तिला लिहिलेली पत्रे १९४९ मध्ये बोहेमियातील प्लासी येथे सापडली. ती वाचली तर दिसते की त्याला सगळे कळत होते, आणि कळल्यामुळे त्याचे दुःख तसूभरही कमी झाले नाही. तुमच्या कादंबरीला हा आधार पुरेसा आहे.

कथानकासाठी दोन तारखा उपयोगी पडतील. ३ जानेवारी १८१५ रोजी ऑस्ट्रिया, इंग्लंड आणि फ्रान्स यांनी रशिया व प्रशियाविरुद्ध गुप्त करार केला. ७ मार्चच्या सकाळी नेपोलियन एल्बा या हद्दपारीच्या बेटावरून निसटल्याची बातमी मेटरनिखच्या हाती आली आणि कालचे प्रतिस्पर्धी पुन्हा एका बाजूला आले. त्या दिवशी तुमच्या दोन्ही हेरांचे मालक मित्र बनतात, आणि एकमेकांपासून लपवण्याची सरकारी सबब संपते. पुढे काय लपवायचे हे त्यांना स्वतःलाच ठरवावे लागते. गुप्त कराराची प्रत तर फ्रान्सचा राजा अठरावा लुई याच्या पळापळीत पॅरिसमध्ये राहिली आणि नेपोलियनने ती झारकडे धाडून दिली. झारसाठी हेरगिरी करणाऱ्या नायिकेला जो कागद मिळाला नाही, तो असा बाहेर पडला, यावर एक संपूर्ण प्रकरण उभे राहील.

दोन गोष्टी राहिल्या, त्याही सांगते. माझ्या नायकासारखा कारकून एकटाच बसून नक्कल करील असे गृहीत धरू नका. नक्कल दुसरा कोणी ताडून पाहत असेल तर वाक्य गाळणे फार धोक्याचे होते. मी तो धोका प्रसंगातच घेतला आहे, तुम्हांलाही घ्यावा लागेल. आणि तुम्हांला नृत्यसमारंभ, रुसवे-फुगवे आणि गोड शेवट असलेली हलकी कादंबरीच लिहायची असेल, तर गहाळ पत्र चालेल. अशा कादंबऱ्यांना वाचक असतात आणि त्यांत काही गैर नाही. मात्र मग त्या दोघांना हेर करू नका; ती परिषदेला आलेल्या पाहुण्यांपैकी असू द्या. हेर करायचे ठरलेच, तर गैरसमज कोणत्या प्रकरणात दूर करावा हा प्रश्न उरत नाही. त्याऐवजी नायकाला काय ठाऊक होते हे नायिकेने कोणत्या प्रकरणात विचारावे, ते ठरवा. माझ्या मते ते पहिल्याच प्रकरणात विचारावे आणि त्याने तेथेच खरे उत्तर द्यावे.